वजनाचे इंजेक्शन आणि कोठ्याची चौकशी

वजन उतरविण्याचे इंजेक्शन ही आता केवळ मुंबई-बंगळूरच्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. माउंजारो या नावाचे इंजेक्शन २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतात विक्रीस आले. त्यानंतर बेळगावच्या दवाखान्यांतून त्याची वार्ता आपल्या खेड्यांपर्यंत पोहोचावयास फार दिवस लागले नाहीत. मधुमेह आणि वाढलेले वजन ही दुखणी शेतकऱ्याच्या घरी आता पाहुणी नाहीत, घरचीच होऊन बसली आहेत. नांगरामागे चालणारा माणूस ट्रॅक्टरवर बसू लागला, मोटेच्या जागी पंपाचे बटण आले, ताटातील भाताचा ढीग मात्र पूर्वीएवढाच राहिला. तेव्हा डॉक्टरांनी विचारपूर्वक हे इंजेक्शन सुचविले आणि कोणी ते घेतले, तर तो आळशीपणा झाला असे आम्ही मानीत नाही. पण आजचा आमचा विषय तो नव्हे. विषय त्याहून साधा आहे आणि म्हणूनच चारचौघांत कोणी काढीत नाही. इंजेक्शन सुरू झाल्यावर परसाकडे होत नाही, त्याचे काय करावे?

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. बद्धकोष्ठाचा विचार पहिली सुई टोचून घेण्याच्या आधी व्हावयास हवा, चार दिवस पोट तुंबल्यानंतर नव्हे. दवाखान्यात वजन होते, साखर तपासली जाते, रक्तदाब पाहिला जातो. पण 'आठवड्यातून किती वेळा जाता, कुंथावे लागते काय, खडा होतो काय' हे प्रश्न घाईगर्दीत बहुधा राहून जातात. डॉक्टर विचारीत नाहीत आणि रोगी लाजेने सांगत नाही. ज्याचा कोठा मुळातच जड आहे त्याच्यावर मग हे औषध येऊन पडते. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे. लाज धरण्याची ही जागा नव्हे.

हा त्रास काही क्वचित होणारा नाही. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतील औषध, याची मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत १,९६१ माणसे होती. औषध घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे २३ जणांना बद्धकोष्ठ झाले; ज्यांना औषध नसलेली नुसती सुई दिली होती त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ९ ते १० होते. माउंजारोतील टिर्झेपाटाइडच्या २०२२ सालच्या चाचणीत मात्रेप्रमाणे शंभरात १२ ते १७ जणांना हा त्रास झाला. बहुतेकांचा त्रास सौम्य होता हे खरे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मळमळीची बोलवा सर्वांत मोठी, पण सेमाग्लुटाइडच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मळमळीचा एक फेरा सामान्यतः ८ दिवसांत संपत होता, तर बद्धकोष्ठ ४७ दिवसांपर्यंत रेंगाळत होते. मळमळ सोसून काढता येते. दीड महिना कुंथत काढणे निराळे. त्यातून मूळव्याध डोके वर काढते, गुदद्वाराला चीर पडते, आणि मग माणूस जाण्यालाच भितो.

असे का होते, हे शेतकऱ्याला समजण्यास कठीण नाही. आपण जेवलो की आतडे एक संदेश सोडते. त्याने पोट भरल्याची जाणीव होते आणि जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी होतो. ही इंजेक्शने त्या नैसर्गिक संदेशाची नक्कल करतात, आणि तीही आठवडाभर टिकणारी. भूक मंदावते, माणूस अर्धी भाकरी खाऊन उठतो, वजन उतरते. पण अन्न निम्मे झाले म्हणजे त्यातील चोथाही निम्मा झाला. पुष्कळांची तहानही मंदावते. मोठ्या आतड्याचे काम पाणी शोषून घेण्याचे. मळ तेथे जितका जास्त रेंगाळेल तितका तो कोरडा होत जाणार. पाटाचे पाणी मंद झाले की गाळ तळाशी बसतो आणि घट्ट होतो, तसाच हा प्रकार. वरून एकदा जोराचे पाणी सोडून भागत नाही, पाट वाहता ठेवावा लागतो.

येथे आणखी एक सांगावयास हवे. रोज झालेच पाहिजे, नाही तर पोटात घाण साचते, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. जो निम्मे खातो त्याला रोज होणार नाही. दिवसाआड झाले, मऊ झाले, कुंथावे लागले नाही, तर त्याला रोग म्हणू नये. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, फार जोर करावा लागणे, होऊनही पुरते न झाल्यासारखे वाटणे, याला बद्धकोष्ठ म्हणावे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली तिच्याकडे वळतो. घरोघर फिरताना आम्हांला दिसते ते असे की, बद्धकोष्ठाचा निम्मा दोष सुईचा असला तर निम्मा घरच्या व्यवस्थेचा असतो, आणि तो भोगावा लागतो बायकांना. रोपलावणीच्या दिवसांत बाई पहाटे उठते, सर्वांचे करते, चहाचा एक कप घेते आणि शेतावर जाते. शेतात आडोसा नाही. म्हणून ती दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, आणि कळ आली तरी दाबून ठेवते. कळ वारंवार दाबली की आतडे तिची सूचना देण्याचेच सोडून देते. वर्षानुवर्षे अशा सवयीत काढलेल्या बाईला साखरेसाठी किंवा वजनासाठी इंजेक्शन सुरू होते, तेव्हा ते तिला का झेपत नाही याचे उत्तर सुईत शोधून सापडणार नाही.

२०१४ नंतर सरकारी योजनेतून आपल्याकडे पुष्कळ घरी संडास झाले. त्यांतील काही आज जळणासाठी आणि युरियाच्या पोत्यांसाठी वापरात आहेत, हे आम्ही पाहिलेले आहे. कुठे दाराची कडी नाही, कुठे नळ नाही, कुठे रात्री दिवा नाही. महिन्याला हजारांच्या घरात इंजेक्शनचा खर्च करावयास तयार असलेल्या कारभाऱ्याने कडी, दिवा आणि पाण्याची टाकी यांवर आधी खर्च करावा, असे आम्हांला स्पष्ट वाटते. शेताच्या कडेला चार बांबू आणि जुनी ताडपत्री यांचा आडोसा उभारावयास अर्धा दिवस लागतो. लावणीला बायका बोलाविणाऱ्याने त्यांच्यासाठी आधी एवढे करावे. ते उपकार नव्हेत. आणि घरच्या सुनेला सकाळी दहा मिनिटे निवांत मिळू द्यावीत. सकाळी काही पोटात गेले की आतड्याला आपोआप चालना मिळते. न्याहारीनंतरची ती वेळ सर्वांत उत्तम, आणि नेमकी तीच वेळ आपल्या घरांत बाईच्या वाट्याला येत नाही.

बसण्याविषयी एक शब्द. उकिडवे बसण्याची आपली जुनी रीत आतड्याच्या दृष्टीने चांगलीच आहे. ज्यांचे गुडघे वजनामुळे कुरकुरतात त्यांनी कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा आणि थोडे पुढे झुकावे.

पाण्याचे म्हणाल तर एका बैठकीत तांब्याभर पाणी या औषधावर पोटात राहणार नाही, उलटून येईल. दिवसभर थोडे थोडे, जेवणाच्या आधी-नंतर थोडे अंतर ठेवून, घोट घोट घ्यावे. सामान्य प्रकृतीच्या माणसाने दोन-अडीच लिटरचा अंदाज धरावा, उन्हात काम असेल तर अधिक. बाटली बरोबर ठेवावी. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण तहान आता विश्वासू राहिलेली नाही. ताक, कढण, पातळ पेज हेही पाण्यातच धरावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. त्याने तेच पाळावे.

अन्नाच्या बाबतीत आपली जुनी भाकरीच कामाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, नाचणीत आणि बाजरीत ११ ग्रॅमच्या आसपास, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम चोथा हवा. पूर्वी तीन वेळा भरपूर भात खाऊन थोडाबहुत चोथा पोटात जात होता. आता दोन घास खाऊन उठावयाचे, तर ते दोन घास कशाचे हा प्रश्न मोठा ठरतो. आमचे म्हणणे, ताटात भाजी, उसळ, डाळ आणि नाचणीची किंवा ज्वारीची अर्धी भाकरी आधी खावी, भात शेवटी, जागा राहिली तर. परसातील एक पेरू शहरातल्या महागड्या डब्यांपेक्षा सरस आहे. त्यात शंभर ग्रॅमला आठ ग्रॅमांवर चोथा मिळतो. तथापि चोथा एकदम वाढवू नये. मंद झालेल्या पोटावर एकाच दिवशी कोशिंबीर, उसळ आणि कोंडा यांचा मारा केला तर पोट फुगते, आणि माणूस म्हणतो, भाजी मला मानवत नाही. आठवड्याआठवड्याने वाढवावे.

इसबगोलाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बद्धकोष्ठ म्हटले की सर्वांचा हात त्याच डब्याकडे जातो. हे पीक आपल्याकडचे नव्हे. उत्तर गुजरात आणि राजस्थान हा त्याचा मुलूख, उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. रब्बीत पेरतात, साधारण चार महिन्यांत काढणीस येते, आणि काढणीच्या तोंडावर एक पाऊस झाला तरी दाणे झडून शेतकऱ्याच्या हाती फार थोडे लागते. त्या बियांवरची पातळ साल म्हणजे आपण घेतो तो भुसा. पाणी मिळाले की तो कितीतरी पट फुगतो, मऊ होतो आणि मळाला ओलावा धरून ठेवतो. त्याचा गुण तोच आणि धोकाही तोच. पुरेसे पाणी नसेल तर तो वाटेतच फुगून गोळा होतो, आणि ज्याचे जठर औषधाने मंद केले आहे त्याला तर ही भीती अधिक. दोन घोट पाण्याबरोबर भुसा गिळून अंथरुणावर पडणे हा प्रकार सर्वथा बंद करावा. प्रारंभी लहान चमचाभर, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून तत्काळ प्यावा, वर आणखी पाणी घ्यावे, आणि नंतर काही वेळ हिंडते-फिरते राहावे. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. उलट्या होत आहेत, पोट फुगून टणक झाले आहे किंवा चार-पाच दिवस काहीच झालेले नाही, अशा वेळी इसबगोल घेऊ नये. तुंबलेल्या गटारात आणखी पेंढा टाकण्यासारखे ते होईल.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारून पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध घेता येते. ही औषधे आतड्यात पाणी धरून मळ मऊ करतात, पोटात सहसा फार मुरडा आणीत नाहीत. लॅक्ट्युलोजने काहींना वायू होतो. आमच्या समजुतीप्रमाणे ज्याचा कोठा आधीपासूनच जड आहे त्याने इंजेक्शनच्या चिठ्ठीबरोबरच याचीही चिठ्ठी मागून घ्यावी.

सोनामुखी, एरंडेल आणि पोट साफ करण्याची चूर्णे यांचा क्रम त्यानंतरचा. सोनामुखी विष नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चार दिवस घेतली तर काम करते. परंतु बाजारातल्या अनेक चूर्णांत तीच असते, काहींत मीठ आणि सोडाही असतो, आणि ती रोज रात्री वर्षभर घेणारी माणसे आम्हांला ठाऊक आहेत. एरंडेलाने आधीच कमी पाणी पिणाऱ्या माणसाला जुलाब आणि उलट्या एकदम लागल्या तर त्याचा मारा थेट मूत्रपिंडावर होतो. मधुमेह्याचे मूत्रपिंड आधीच जपून ठेवण्याची वस्तू असते.

इतर गोळ्यांकडेही पाहावे. लोहाच्या आणि चुन्याच्या गोळ्या, काही आम्लपित्ताची औषधे, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही कोठा जड होतो. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत.

मात्रेविषयी घाई नको, हे आम्ही आग्रहाने सांगतो. सेमाग्लुटाइड आठवड्याला पाव मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी वाढवीत नेतात. टिर्झेपाटाइड अडीच मिलिग्रॅमपासून. या पायऱ्या पोटाला सवय व्हावी म्हणूनच आहेत. पोट तुंबलेले असता पुढची पायरी चढू नये. डॉक्टर खालच्या मात्रेवर आणखी काही आठवडे ठेवू शकतात. त्यात काही बिघडत नाही. शेजारणीचे आठ किलो उतरले आणि आपले तीनच, म्हणून दुकानदाराकडून परस्पर वरच्या मात्रेची सुई आणणे हा शुद्ध अविचार होय. तसेच त्रास होतो म्हणून कोणाला न सांगता गुपचूप सोडून देणेही बरोबर नाही. पैसे गेले, साखर पुन्हा चढली, आणि डॉक्टरांना वाटत राहिले की रोगी औषध घेतो आहे.

उपवासकाळाचा प्रश्न आम्हांला विचारला जातो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशीचा उपवास आजारी माणसावर बंधनकारक नाही. या इंजेक्शनबरोबर जो इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतो त्याची साखर उपाशीपोटी धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, त्याने जेवावे. पाणी तोडून केलेला उपवास तर या औषधावर कोणीच करू नये. प्रायश्चित्ताचे दुसरे मार्ग पुष्कळ आहेत, आम्हांला येऊन विचारावे.

शेवटी धोक्याच्या खुणा, घरातील सर्वांनी लक्षात ठेवाव्यात अशा. परसाकडे नाही आणि वायूही सरत नाही, पोट फुगून ताठ झाले, उलट्यांवर उलट्या होतात, कळा येऊन जातात, अशा वेळी आतडे बंद पडले असण्याचा संभव असतो. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात या प्रकाराची नोंद घालावयास लावली. तो क्वचित होतो, पण झाला तर घरगुती उपायांना वेळ नसतो. रात्र असली तरी गाडी काढावी. कोणतेही जुलाबाचे औषध देऊ नये. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी न थांबणारी कळ, काळा किंवा रक्त पडलेला मळ, लघवी फारच कमी होणे, यांतही तसेच करावे. आणि एक फसवी खूण आहे. बरेच दिवस न होता एकाएकी पाण्यासारखे थोडे थोडे गळू लागले, तर तो जुलाब असेलच असे नाही. आत खडा अडकला आणि त्याच्या कडेने पातळ वाहते, असेही असू शकते, विशेषतः वृद्धांत. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी दिली तर खडा आणखीच अडकतो. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

इस्पितळात जाताना इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि शेवटची सुई कोणत्या दिवशी घेतली हे कागदावर लिहून बरोबर न्यावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळणे फार आवश्यक असते, कारण या औषधावर असलेल्या माणसाचे पोट उपाशी ठेवूनही रिकामे झालेले नसू शकते.